बुद्धिबळाचं इंजिन स्टॉकफिश +०.९ दाखवतंय आणि राजा एफ२-जी२ करत बसलंय. बंद पोझिशन तपासायची तरी कशी?

उद्यमनगरचा_उंट

राम राम मंडळी. उद्यमनगरात सीएनसीवर कामाला आहे. सेकंड शिफ्ट सुटली की घरी यायचं, जेवायचं आणि लॅपटॉप उघडून डाव बघायचे हा आपला नेम. रेटिंग पंधराशेच्या आतबाहेर. पांढऱ्याच्या डी४ ला काळ्याकडून चेक बेनोनी ही ओपनिंग खेळतो: १.डी४ घोडा एफ६ २.सी४ सी५ ३.डी५ ई५ ४.घोडा सी३ डी६ ५.ई४ उंट ई७. पाठांतर कमी, आणि समोरचा घाईचा असला की पंधराव्या खेळीपर्यंत त्याचं डोकं उठतं.

रविवारी राजारामपुरीत रॅपिड, म्हणजे कमी वेळेच्या डावांची स्पर्धा होती. इचलकरंजीचं एक पोरगं समोर आलं, असेल तेरा-चौदाचं, पण खुर्चीवर मांडी घालून असं बसलं की हलायला तयार नाही. मी उंट जी५ वर नेऊन काळ्या घरातले उंट मारामारीत काढले आणि मग पट असा बसला:

पांढरा: राजा जी२, वजीर डी२, हत्ती ए१ आणि एच१, उंट ई२, घोडे सी३ आणि जी३, प्यादी ए४ बी३ सी४ डी५ ई४ एफ३ जी४ एच३.

काळा: राजा जी८, वजीर ई७, हत्ती ए८ आणि ई८, उंट डी७, घोडे ए६ आणि एच७, प्यादी ए५ बी६ सी५ डी६ ई५ एफ६ जी७ एच६.

चाल पांढऱ्याची. सोळाच्या सोळा प्यादी पटावर, बहुतेक एकमेकांत अडकलेली, म्हणजे पट बंद. त्यानं राजा हलवला, मी घोडा बी४ वर टाकला, मग दोघांनीही हत्ती इकडून तिकडं फिरवले आणि तीनदा तीच पोझिशन होऊन डाव बरोबरीत गेला.

घरी लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर स्टॉकफिश लावलं, पाच ओळी, म्हणजे त्याच्या पहिल्या पाच पसंतीच्या चाली. डेप्थ (किती चाली पुढं बघितलं ते) ३८ ला +०.९, म्हणजे पांढरा पुढं. राजा एफ२, हत्ती ए-जी१, हत्ती एच-जी१, वजीर ई३, उंट डी१, सगळ्यांचे आकडे +०.८ आणि +०.९ च्या मधी. पहिली ओळ पुढं वाचली तर राजा एफ२, मग हत्ती जी१, मग राजा परत जी२, हत्ती परत एच१. म्हणजे खासबागेत दोन पैलवान मानेवर हात टाकून नुसते रेटत उभे आहेत आणि माइकवाला ओरडतोय की लाल लांगवाला पुढं आहे. कशात पुढं आहे ते काय सांगंना.

बिंदू चौकातल्या आमच्या चहाच्या कट्ट्यावर एक दोस्त आहे, तो म्हणतोय, "०.९ म्हणजे जवळजवळ एक प्यादं. नशिबानं सुटलास." मला हे पटंना. पांढऱ्यानं करायचं काय होतं, ते ना त्याला सांगता येतंय ना इंजिनला. असल्या पटात इंजिनला विचारायचं तरी काय आणि कसं? कुणी रीतसर सांगितलं तर बरं होईल. डेप्थ वाढव म्हणून सांगू नका, ते करून झालंय.

रंकाळा_रॅपिड

दादा, चेक बेनोनी खेळायलाच काळीज लागतं, नाद खुळा 😄

पण एक सांगू का, "इंजिनला बंद पोझिशन कळत नाही" हे आता जुनं झालं. सप्टेंबर २०२० ला स्टॉकफिश १२ आलं आणि त्यात न्यूरल नेटवर्क बसवलं, त्यालाच एनएनयूई म्हणतात. तेव्हापासून ते असल्या पटातपण आपल्यापेक्षा शंभरपट भारी आहे. ०.९ म्हणतंय तर पांढरा बरा असणारच. विषय संपला.

जुना_पट

विषय संपला कसा? प्रश्न पांढरा बरा आहे का हा नाहीच. बरा आहे तर खेळायचं काय, हा आहे.

नोव्हेंबर २००३ मध्ये न्यूयॉर्कला माजी जगज्जेता कास्पारोव्ह एक्स३डी फ्रिट्झ या इंजिनशी चार डाव खेळला. त्रिमितीचा चष्मा घालून, समोर खरा पट नाही, चाली तोंडानं सांगायच्या, असा सगळा तमाशा होता. तिसऱ्या डावात त्यानं सहाव्या खेळीला सी५ ढकललं, मग बी४, मग बी५, आणि वजिराच्या बाजूला कुलूप घातलं. फ्रिट्झला मधल्या काळात काय करावं ते सुचेना, मोहरी पुढं न्यायची आणि मागं आणायची. कास्पारोव्हनं निवांत ए५ चं प्यादं खाल्लं आणि डाव जिंकला. मॅच शेवटी २-२ अशी सुटली.

दुसरं उदाहरण याहून मजेशीर. २००८ साली अमेरिकेचा ग्रँडमास्टर नाकामुरा यानं इंटरनेटवर तीन मिनिटांच्या डावात रिब्काला हरवलं, त्या वेळचं सगळ्यात तगडं इंजिन. डाव २७१ खेळ्यांचा! पट पूर्ण बंद, मोहऱ्यांच्या हिशेबात रिब्का पुढं, म्हणून तिला वाटतंय आपण जिंकतोय. पन्नास खेळ्यांत प्यादं हललं नाही की काही मारलं नाही तर बरोबरी, हा नियम जवळ आला, आणि बरोबरी नको म्हणून तिनं स्वतःच पट उघडला. मग काय व्हायचं ते झालं. आकडा खोटा नव्हता, मोहऱ्या खरोखर जास्त होत्या. त्यांचं करायचं काय हे तिला ठाऊक नव्हतं.

रंकाळा_रॅपिड

काका, तेव्हा माझा जन्मपण व्हायचा होता. आजच्या स्टॉकफिशसमोर नाकामुराला हे जमणार नाही.

सांगलीचा_शिकवणीवाला

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. आजचं स्टॉकफिश २००८ च्या रिब्कासारखं भाबडं नाही. तरी उंटरावांचा प्रश्न जिथल्या तिथं राहतो. मी मुलांना शिकवतो, दर आठवड्याला कुणीतरी असाच पट घेऊन येतं आणि "सर, प्लस एक आहे" म्हणतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो ०.९. तुमच्या कट्ट्यावरचे मित्र त्याला प्यादं समजतात, तो हिशेब आता चालत नाही. डिसेंबर २०२२ च्या स्टॉकफिश १५.१ पासून +१.०० चा अर्थ असा बांधला आहे की इंजिन इंजिनाशीच लांब वेळेचा डाव खेळलं तर जिंकायची शक्यता निम्मी. म्हणजे ०.९ ला निम्म्याहून जरा कमी विजय, आणि उरलेल्यात जवळजवळ सगळी बरोबरी. तेही स्टॉकफिश विरुद्ध स्टॉकफिश. डेस्कटॉपवरच्या काही प्रोग्रॅममध्ये विजय, बरोबरी, पराभव असे तीन वेगळे आकडे दाखवायची सोय असते, ती चालू करा. बंद पटात मधला आकडा किती फुगलेला असतो ते बघितलं की "नशिबानं सुटलास"ला उत्तर द्यायला सोपं जाईल.

आता ते राजाचं येणं-जाणं. इंजिन बेत आखत नाही, चालींचं झाड चाळतं. ज्या शांत चाली त्याला पहिल्या नजरेत फालतू वाटतात त्यांच्या फांद्या ते उथळ बघून सोडून देतं. उघड्या पटात हे खपतं, कारण तिथं पाच-सहा खेळ्यांत काहीतरी तुटतं. इथं घोड्याला चांगल्या घरी जायला तीन-चार खेळ्या, हत्तीला दोन, राजाला चार, आणि त्या कुठल्याही क्रमानं खेळल्या तरी पोझिशन तीच येते. डेप्थ ३८ म्हणजे दोघांच्या मिळून ३८ चाली, त्यातल्या निम्म्या अशाच वाया जातात. थांबल्यानं आकडा घटत नाही, म्हणून ते थांबतं. तुमच्या पाचही ओळी ०.१ च्या आत आहेत ना? म्हणजे ते तुम्हाला सांगतंय की इथं घाई नाही आणि या पाचांत निवडण्यासारखं काही नाही. यातून जास्त अर्थ काढू नका.

मग विचारायचं काय? मी आधी वहीत प्याद्यांच्या चाली लिहायला लावतो, कारण अशा पटात प्यादं हललं तरच काही बदलतं. तुमच्या पटात पांढऱ्याकडं एफ४ आहे, एच४ करून जी५ आहे, आणि प्यादं देऊन बी४ आहे. काळ्याकडं जी६ करून एफ५, आणि बळी देऊन बी५. संपली यादी. पट उघडणाऱ्या या प्याद्यांच्या चालींनाच ब्रेक म्हणतात. आता प्रत्येक ब्रेक हातानं पटावर खेळा आणि तिथं इंजिनला मिनिट-दोन मिनिटं बसवा. उदाहरणार्थ एफ४. काळं प्यादं मारतं, पांढरा वजिरानं परत घेतो, आणि ई५ चं घर काळ्याच्या घोड्याला कायमचं मिळतं, कारण तिथून त्याला हुसकायला पांढऱ्याचं प्यादंच उरलं नाही. आकडा लगेच घसरेल. इंजिन स्वतःहून एफ४ का खेळत नव्हतं ते तुम्हाला असं कळेल, पहिल्या ओळीकडं बघत बसून कळणार नाही. पांढऱ्याचा खरा प्रयत्न एच४ आणि जी५ हाच. एच१ चा हत्ती तिथंच उभा आहे, एच-पट्टी उघडली की कामाला लागतो.

पुढं गेलात की एकेक चाल मागं या, इंजिन चालू ठेवूनच. पुढं पाहिलेलं त्याच्या मेमरीत राहतं आणि मूळ पोझिशनचा आकडाही त्याप्रमाणे सरकतो. सेटिंगमध्ये मेमरी जमेल तेवढी वाढवा, नाहीतर लांबचं विसरतं.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार उपयोगी पडते. घोडा हातानं उचलून हव्या त्या घरात ठेवायचा. मधल्या चाली खेळायच्याच नाहीत. बोर्ड एडिटरमध्ये तुमचा ए६ चा घोडा थेट बी४ वर ठेवा, चाल पांढऱ्याचीच, आकडा बघा. मग तो परत ए६ वर आणि एच७ चा घोडा थेट एफ४ वर. (तिथून जी२ च्या राजाला शह बसतो, म्हणून राजा आधी एफ२ वर सरकवा, नाहीतर तुलना बिघडेल.) बी४ चा घोडा दिसायला राजबिंडा, कुणी हाकलू शकत नाही, पण तिथून तो करतो काय ते विचारा.

आणि लिचेसवर एक्सचं बटण दाबून बघा. समोरच्याची धमकी दिसते, म्हणजे आपली चाल सोडून दिली तर तो काय करेल. बंद पटात मी हे सतत वापरतो. धमकी नसली की तुमच्या घोड्याला फिरून यायला सवड आहे.

जुना_पट

ते राजाचंही सांगा. पूर्वी आम्ही असल्या पटात राजा चालत दुसऱ्या बाजूला न्यायचो.

सांगलीचा_शिकवणीवाला

हो, राहिलंच. ई८ चा हत्ती बाजूला काढून एफ७, ई८, डी८, सी७. मध्य आणि वजिराची बाजू इतकी गच्च आहे की राजाला तिथं ऊब आहे. बी४ चा बळी तेवढा लक्षात ठेवायचा. इंजिनला हे चार टप्पे स्वतःहून क्वचित सुचतात, पण सी७ वर राजा ठेवून विचारलंत तर लगेच मान डोलावतं.

उद्यमनगरचा_उंट

सर, लई उपकार. काल रात्री बसलो होतो, घरातली सगळी झोपल्यावर.

बी४ वर घोडा ठेवला, आकडा हूं की चूं नाही, तिथंच. एफ४ वर ठेवला, +०.३ च्या आसपास आला! म्हणजे रविवारी ज्या घोड्याकडं बघून मला अभिमान वाटत होता तो नुसता फोटोला उभा होता, आणि कामाचा घोडा एच७ ला झोपला होता. पांढऱ्यानं एफ४ वर मारलं तर ई५ चं प्यादं तिकडं जातं आणि ई५ चं घर परत दुसऱ्या घोड्याला मोकळं, तेपण दिसलं. काळ्या घरातले उंट पटावर नाहीत, त्यामुळं एफ४ चा घोडा काढायला पांढऱ्याला आपला घोडाच द्यावा लागतोय.

अजून एक गंमत. इंजिनला दोन्हीकडून खेळायला लावलं आणि चहा करायला गेलो. परत येऊन बघतोय तर दोन्ही राजे आपापल्या अंगणात फिरतायत आणि आकडा हळूहळू ०.७, ०.५ असा उतरतोय. प्यादं एक हललेलं नाही. हे असं का?

आणि खरा प्रश्न: घोडा एफ४ ला न्यायचा म्हटलं तर एफ८, जी६, एफ४ अशा तीन चाली. तेवढ्यात पांढऱ्यानं जी३ चा घोडा एफ५ वर टाकला तर? वजिरावर मारा, डी६ वर मारा, एच६ वर मारा. उंटानं मारू का नको? इंजिन एकदा मार म्हणतं, एकदा नको म्हणतं.

सांगलीचा_शिकवणीवाला

आकडा उतरतो तो पन्नास खेळ्यांच्या नियमामुळं. मारामारी आणि प्याद्याची चाल न होता जितक्या खेळ्या जातील तितका स्टॉकफिश आपला आकडा शून्याकडं ओढतं, तशी सोयच आहे त्यात. एडिटरमधून पट लावला की ती मोजणी पहिल्यापासून सुरू होते, म्हणून सुरुवातीचा ०.९ टवटवीत दिसतो. खेळवत ठेवल्यावर जर तो नुसता गळत गेला आणि कुणी ब्रेक केलाच नाही, तर पांढऱ्याला वाट सापडलेली नाही असं समजायला हरकत नाही. तुमच्या मित्राला हा तुकडा दाखवा.

आता एफ५. इथं इंजिनच्या आकड्यापेक्षा एक साधी गोष्ट बघा. तुम्ही एफ५ वर मारलंत की पांढरा ई-प्याद्यानं घेवो की जी-प्याद्यानं, एफ५ वर पांढरं प्यादं येतं आणि ते जी६ च्या घरावर नजर ठेवतं. तुमचा घोडा तेव्हा एच७ किंवा एफ८ ला असेल तर त्याची वाट बंद. जी५ मधून जायला बघितलंत तर एच४ येतं आणि तो परत घरी. म्हणजे चांगला उंटही दिला आणि घोडाही कोंडला.

हाच घोडा आधी जी६ वर पोचलेला असला तर? मारामारी झाल्यावर एफ५ चं प्यादं त्याच्यावर येतं, पण त्याला तसंही एफ४ लाच जायचं होतं. त्यामुळं तोवर मारायची घाई नको, एफ८ मोकळं असेल तर वजीर नुसता तिथं हलवा. एफ५ चा घोडा मग डी६ वर मारू शकतो का, एच६ वर मारू शकतो का, ते प्रत्येक खेळीला तपासा, तिथं इंजिन शंभर टक्के विश्वासाचं आहे. दोन-तीन चालींचा हिशेब त्याच्याइतका कुणी करत नाही. डी६ ला वजीर आहे, एच६ ला जी७ चं प्यादं आहे, म्हणून जी६ ढकलायची घाई नको. ते प्यादं हललं की एच६ उघडं पडतं आणि घोड्याचं घरही जातं. इंजिन कधी हो, कधी नाही म्हणत होतं ते बहुतेक घोडा कुठं उभा आहे त्यावर. एफ८ आणि जी६ असे दोन पट लावून तोच प्रश्न विचारून बघा.

रंकाळा_रॅपिड

सर, लीला हे दुसरं इंजिन वापरलं तर? ती असल्या पटात जास्त समजूतदार आहे म्हणतात.

सांगलीचा_शिकवणीवाला

तिचा शोध वेगळ्या पद्धतीचा आहे, सगळं चाळण्यापेक्षा नेटवर्कला जे बरं वाटतं तिकडं ती जास्त बघते. लांबच्या बेताची जाण मला तिच्यात बरी वाटते. पण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर ती रांगते. असेल तर दोन्ही लावा, जिथं त्यांचं पटत नाही ती जागा बघा. नसेल तर त्यासाठी पैसे घालू नका, वरचं सगळं स्टॉकफिशवर होतं.

जुना_पट

आणि थोडं इंजिन बंद करूनही बघत जा रे पोरांनो. आधी आपलं उत्तर वहीत लिहा, मग यंत्राला विचारा.

उद्यमनगरचा_उंट

काका, वही घेतली. शिफ्टच्या जॉब कार्डाच्या मागं लिहीत होतो, सुपरवायझरनं बघितलं.

सर, दोन्ही पट लावले. घोडा एफ८ ला असताना उंटानं एफ५ वर मारलं की आकडा पांढऱ्याकडं चांगलाच वाढतो. घोडा जी६ ला असताना मारलं तर जवळजवळ बरोबरी दाखवतंय. त्यातपण पांढऱ्यानं ई-प्याद्यानं घेतलं तर त्याच्या सी३ च्या घोड्याला ई४ मिळतं, तो मला जास्त त्रासाचा वाटतोय. जी-प्याद्यानं घेतलं तर जी-पट्टी उघडते खरी, पण जी७ राखायला माझं माणूसबळ आहे.

कट्ट्यावरच्या दोस्ताला हे सगळं दाखवलं. तो म्हणाला, मग बस समोर, मी पांढरा घेतो. आता रोज चहासोबत हाच पट मांडतोय, मूळ पोझिशनपासून. पहिल्याच खेळीला एच४ करतोय, इकडं तिकडं न बघता. मी हत्ती हलवून राजा निघतोय सी७ ला, आणि घोडा एफ८ वरून जी६ ला. एच५ करून त्यानं जी६ च्या घोड्याला ढोसलं तर मी एफ४ ला उडी मारतो, मग त्याचा जी५ चा ब्रेकच मेला, कारण एच-प्यादं पुढं निघून गेलेलं असतं. म्हणून त्यानं आता एच५ सोडलंय आणि थेट जी५ ची तयारी करतोय, दोन्ही हत्ती एच-पट्टीवर आणून. तिथं माझा ए८ चा हत्ती वेळेत एच८ ला पोचतो का, राजा मधी अडकतो का, हे बघायचं राहिलंय. या आठवड्यात थर्ड शिफ्ट लागलीय, सुट्टीदिवशी पट लावून सांगतो.